सत्य उघडे की गुप्त? ग्नॉस्टिक मत आणि आद्य ख्रिस्ती आचार्यांचे खंडन

प्रतिपक्षाने लिहून ठेवलेल्या वृत्तान्तावरून एखाद्या मताची ओळख करून घेणे किती जोखमीचे असते, हे प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासकाला पदोपदी जाणवते. चार्वाकांचे मूळ ग्रंथ उरले नाहीत. त्यांचे मत आपल्याला मुख्यतः त्यांचे खंडन करणाऱ्यांच्या लेखनातून कळते. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात सहा तीर्थकांची मते आली आहेत. त्यांपैकी निगंठ नाटपुत्तांचा अपवाद सोडला, तर इतरांचे म्हणणे त्यांच्या अनुयायांच्या शब्दांत आज उपलब्ध नाही. अशा वेळी वाचकाला दोन प्रश्न एकाच वेळी मनाशी बाळगावे लागतात. खंडनकर्त्याचा युक्तिवाद कितपत सबळ आहे, हा पहिला. आणि ज्या मताचे खंडन केले ते मत त्याने कितपत प्रामाणिकपणे मांडले आहे, हा दुसरा.

आद्य ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात या दोन्ही प्रश्नांचे एक बोधप्रद उदाहरण सापडते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात 'ग्नॉस्टिक' या नावाने ओळखले जाणारे काही ख्रिस्ती संप्रदाय पसरले होते. येशू कोण होता आणि त्याने सांगितलेले सत्य कोणाजवळ आहे, याविषयी त्यांची मते इतर ख्रिस्ती जनांहून फार वेगळी होती. या मतांविरुद्ध ख्रिस्ती आचार्यांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले. ते ग्रंथ टिकले. ग्नॉस्टिकांचे स्वतःचे लेखन, मोजके कॉप्टिक हस्तलेख सोडले तर, लुप्त झाले. १९४५ साली दक्षिण इजिप्तमध्ये नाग हम्मादी या गावाजवळ तेरा कॉप्टिक हस्तलिखित ग्रंथ सापडले आणि शतकानुशतके एकाच बाजूने ऐकू येणाऱ्या या वादाची दुसरी बाजू प्रथमच मोठ्या प्रमाणात ऐकू आली. त्या वादाचा परिचय करून देणे आणि त्यात नेमके काय पणाला लागले होते हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन शब्दांचा विचार

आरंभी दोन शब्द समजून घेऊ. 'ग्नोसिस' हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ ज्ञान. संस्कृत 'ज्ञान' आणि पालि 'ञाण' हे शब्द आणि 'ग्नोसिस' हे एकाच प्राचीन धातूपासून निघाले आहेत, हे भाषाशास्त्राने निर्विवाद ठरविले आहे. मात्र शब्दांचे नाते म्हणजे सिद्धान्तांचे नाते नव्हे, हे येथेच सांगून ठेवले पाहिजे.

दुसरा शब्द 'हायरेसिस'. याचा मूळ अर्थ निवड, आणि त्यावरून पंथ किंवा तत्त्वज्ञानाची शाखा. या शब्दात प्रथम निंदेचा लवलेशही नव्हता. ख्रिस्ती लेखकांच्या हाती तो हळूहळू 'विपरीत मत', 'धर्मद्रोह' या अर्थाने रूढ झाला. आपल्याकडे 'पासंड' या शब्दाची कथा अशीच आहे. सम्राट अशोकाने गिरनारच्या बाराव्या शिलालेखात सर्व पासंडांच्या साराची वृद्धी व्हावी आणि त्यासाठी प्रत्येकाने वाणीचा संयम राखावा, असे सांगितले आहे. तेथे पासंड म्हणजे केवळ संप्रदाय. पुढे त्याच शब्दाचे 'पाखंड' झाले आणि तो शिवीसारखा वापरला जाऊ लागला. मतभेद असणे हाच अपराध मानला जाऊ लागला, म्हणजे शब्दांचे अर्थ असे फिरतात.

ग्नॉस्टिकांचे म्हणणे

'ग्नॉस्टिक' या एका नावाखाली परस्परांशी न जुळणारी अनेक मते एकत्र कोंबली गेली आहेत, अशी तक्रार मायकेल विल्यम्स यांनी १९९६ मध्ये आणि कॅरन किंग यांनी २००३ मध्ये साधार मांडली. ती योग्य आहे. म्हणून आम्ही येथे मुख्यतः एकाच परंपरेचा विचार करतो. ती व्हॅलेंटिनसची. हा आचार्य इजिप्तमधला. त्याचे शिक्षण अलेक्झांड्रियात झाले असे सांगतात. दुसऱ्या शतकाच्या मध्यास तो रोममध्ये शिकवीत होता. टॉलेमी आणि हेराक्लिऑन हे त्याच्या परंपरेतील दोन नामांकित विद्वान होत.

या परंपरेच्या मते परमपिता अज्ञेय आहे. त्याच्यापासून तीस दिव्य तत्त्वे प्रकटली. त्यांचा समुदाय म्हणजे 'पूर्णत्व'. त्यांपैकी सोफिया, म्हणजे प्रज्ञा, ही मर्यादा ओलांडून परमपित्याला जाणू पाहते आणि त्या धडपडीत स्खलित होते. तिच्या दुःखातून आणि भयातून जड जगताची सामग्री उत्पन्न होते. जगाचा निर्माता हा सर्वश्रेष्ठ देव नसून, आपल्याहून वर काही आहे हे न जाणणारा कनिष्ठ कारागीर आहे. काही माणसांत मात्र दिव्य तत्त्वाचा अंश विसरलेल्या अवस्थेत पडून आहे. तारणारा येतो तो या अंशाला त्याच्या मूळ घराची आठवण करून देण्यासाठी. मनुष्याचा मूळ रोग पाप नसून अज्ञान आहे आणि मुक्तीचा उपाय ज्ञान आहे.

हे वाचताना आमच्या वाचकांना 'अविज्जा' हा शब्द आठवणे स्वाभाविक आहे. परंतु पालि वाङ्मयातील अविज्जा म्हणजे चार आर्यसत्यांचे अज्ञान. तिच्यामागे स्वर्गातून पडलेला आत्म्याचा अंश नाही आणि परतण्याचे दिव्य घरही नाही. तेव्हा हे साम्य फार ताणू नये.

याच परंपरेने मनुष्यांचे तीन प्रकार मानले होते : केवळ जडात रमलेले, श्रद्धा व सदाचरण यांवर जगणारे, आणि आत्मिक ज्ञान लाभलेले. सर्वसामान्य ख्रिस्ती श्रद्धाळू दुसऱ्या प्रकारात मोडत. पूर्ण ज्ञानाचे अधिकारी थोडेच. प्रेषितांनी लोकांना उघडपणे एक सांगितले आणि निवडक शिष्यांना एकान्तात अधिक खोल असे दुसरे सांगितले, अशी त्यांची धारणा होती. वादाचा एक धागा येथून सुरू होतो.

भासमान देहाचा प्रश्न

दुसरा धागा येशूच्या देहाचा. परमतत्त्व जर जड जगताच्या पलीकडचे असेल, तर ते रक्तामांसाचा देह खरोखर कसे धारण करील? त्याला भूक, तहान, वेदना कशी होईल? काहींनी उत्तर दिले की येशूचा देह केवळ भासमान होता. 'भासणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून या मताला पुढे डोसेटिझम, म्हणजे भासवाद, असे नाव मिळाले. दुसऱ्या काहींच्या मते दिव्य ख्रिस्त बाप्तिस्म्याच्या वेळी येशू नावाच्या मनुष्यावर उतरला आणि यातनांपूर्वी त्याला सोडून गेला. बॅसिलिडिस नावाच्या अलेक्झांड्रियातील आचार्याविषयी तर असे सांगितले गेले की, त्याच्या मते क्रूसावर सायमन नावाचा दुसराच मनुष्य मेला आणि येशू बाजूला उभा राहून हसत होता.

हा सूक्ष्म तत्त्वचर्चेचा विषय वाटेल. पण ज्यांनी त्याला उत्तर दिले त्यांची परिस्थिती ध्यानात घेतली म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. अँटिऑकचा बिशप इग्नेशियस याला दुसऱ्या शतकाच्या आरंभी, सैनिकांच्या पहाऱ्यात, श्वापदांपुढे टाकण्यासाठी रोमला नेले जात होते. वाटेत त्याने लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. येशूच्या यातना जर केवळ भास असतील, तर माझ्या हातांतील बेड्या कशासाठी, असा त्याचा प्रश्न आहे. स्मर्ना येथील ख्रिस्ती जनांना लिहिलेल्या पत्रात तो आणखी एक आरोप करतो. असे मत धरणाऱ्यांना विधवेची, अनाथाची, बंदिवानाची, भुकेल्याची फिकीर नसते, असे तो म्हणतो. दुःख खोटे ठरविले की दुःखिताविषयीचे कर्तव्यही सैल पडते, हा त्यामागचा विचार आहे.

इरेनियसने हाच मुद्दा पुढे नेला. तो मूळचा आशिया मायनरचा. बालपणी त्याने स्मर्नाचा वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प याचा उपदेश ऐकला होता. पुढे तो गॉल प्रांतात, आजच्या फ्रान्समधील लिआँ शहरात राहू लागला. इ. स. १७७ च्या सुमारास तेथील ख्रिस्ती समाजावर भयंकर छळ ओढवला. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस बंदिवासात मरण पावला. ब्लांडिना नावाच्या एका दासीला प्रेक्षागारात हाल करून मारण्यात आले. इरेनियस त्या वेळी या समाजाचे पत्र घेऊन रोमला गेला होता. परतल्यावर बिशपपद त्याच्याकडे आले. सुमारे इ. स. १८० मध्ये त्याने ग्नॉस्टिक मतांच्या खंडनाचा पाच भागांचा ग्रंथ लिहिला. त्याची मूळ ग्रीक संहिता बहुतांशी हरवली असली, तरी लॅटिन भाषांतर संपूर्ण मिळते.

या ग्रंथातील एक युक्तिवाद आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. येशूने शिष्यांना सांगितले की, एका गालावर मारले तर दुसरा पुढे करा. तो स्वतः यातनांतून निसटला असेल आणि त्याने शिष्यांना मात्र यातना सोसायला सांगितले असेल, तर तो शिष्यांची फसवणूक करणारा गुरू ठरतो. इतकेच नव्हे, तर जे शिष्य खरोखर सोसतात ते गुरूहून श्रेष्ठ ठरतात. ब्लांडिनेचे मरण ज्या समाजाच्या डोळ्यांसमोर ताजे होते, त्या समाजाच्या बिशपने हे लिहिले आहे. ज्या दासीचा देह रोमच्या कायद्याने मालकाची वस्तू मानला, त्या देहाची वेदना खरी आहे आणि गुरूनेही तशीच खरी वेदना भोगली, असे सांगण्यात काय दिलासा होता, हे आमच्या वाचकांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

सत्य कोणाच्या हाती?

गुप्त ज्ञानाच्या दाव्याला इरेनियसने दिलेले उत्तर असे. प्रेषितांजवळ काही गूढ शिकवण असती, तर ज्यांच्या हाती त्यांनी स्वतःचे समाज सोपविले त्यांनाच ती सांगितली असती. ती परंपरा कोठे आहे हे कोणालाही पाहता येते. उदाहरण म्हणून तो रोमच्या बिशपांची, लिनसपासून आपल्या समकालीन एल्यूथेरसपर्यंतची, बारा नावांची यादी देतो. सर्व ठिकाणचे ख्रिस्ती जन, भाषा वेगळ्या असल्या तरी, एकच श्रद्धा उघडपणे सांगतात. गॉलमधल्या अक्षरशून्य लोकांजवळही ती आहे. सत्य विद्वानांच्या मूठभर मंडळाची मालमत्ता नाही.

महापरिनिब्बानसुत्तात 'आचरियमुट्ठि' असा एक शब्द येतो. गुरूने शेवटपर्यंत मिटून ठेवलेली मूठ, असा त्याचा अर्थ. तथागताजवळ तशी मूठ नाही, असे तेथे सांगितले आहे. इरेनियस अर्थातच वेगळ्या भूमीवर उभा आहे. परंतु शिकवण उघड असली तरच तिची परीक्षा करता येते, हा विचार त्याच्या लेखनात स्पष्ट दिसतो.

ग्रंथांच्या अर्थाविषयी त्याने दिलेली उपमा मार्मिक आहे. कारागिराने रत्नांचे तुकडे जोडून राजाचे चित्र घडविले. कोणी ते तुकडे उचकटून त्यांचा कोल्हा किंवा कुत्रा बनविला आणि हाच तो राजा असे म्हटले, तर रत्ने खरी असूनही चित्र खोटेच राहते. ग्नॉस्टिक लोक शुभवर्तमानांतील वचनांशी असाच व्यवहार करतात, असा त्याचा आक्षेप आहे. मूळ चित्र कोणते हे ठरविण्यासाठी तो 'सत्याचा नियम' पुढे करतो. एक ईश्वर, तोच जगाचा निर्माता, आणि खऱ्या देहाने आलेला ख्रिस्त, असा श्रद्धेचा सर्वमान्य सारांश म्हणजे हा नियम.

या युक्तिवादात एक कच्चा दुवा आहे आणि तो दाखविला पाहिजे. गुरुपरंपरेचा दावा केवळ बिशपांचा नव्हता. व्हॅलेंटिनसने पौलाचा शिष्य थ्यूडास याच्याकडून शिक्षण घेतले, असे त्याचे अनुयायी सांगत. बॅसिलिडिसचे अनुयायी पीटरचा दुभाष्या ग्लॉकियस याचे नाव घेत. टॉलेमीने फ्लोरा नावाच्या स्त्रीला लिहिलेल्या पत्रात आपली शिकवण प्रेषितांच्या परंपरेतून आल्याचे म्हटले आहे. हे पत्र एपिफेनियसच्या ग्रंथात संपूर्ण टिकले आहे. त्याची भाषा सौम्य आणि विवेचन क्रमबद्ध आहे. म्हणजे नावांच्या यादीविरुद्ध नावांची यादी उभी होती. इरेनियसचे खरे बळ यादीत नव्हते, उघडपणाच्या तत्त्वात होते. पण पुढील पिढ्यांनी उचलली ती यादी.

वादाकडून मनाईकडे

कार्थेजचा टर्टुलियन हा कायद्याच्या परिभाषेत मुरलेला लेखक. इ. स. २०० च्या सुमारास त्याने धर्मद्रोह्यांविरुद्ध लिहिलेल्या एका ग्रंथाच्या नावातच 'प्रिस्क्रिप्शिओ' हा रोमन न्यायालयातील शब्द आहे. खटल्याची सुनावणी होण्यापूर्वीच तो बाद ठरविणारा आक्षेप, असा त्याचा अर्थ. टर्टुलियनचे म्हणणे असे की, धर्मग्रंथ चर्चच्या मालकीचे आहेत. ज्यांचा त्यांच्यावर हक्कच नाही त्यांच्याशी ग्रंथांच्या अर्थाविषयी वाद घालण्याचे कारण नाही. येथे प्रश्न बदलला. 'हे म्हणणे खरे आहे काय?' याची जागा 'हे म्हणण्याचा तुला अधिकार काय?' या प्रश्नाने घेतली. याच ग्रंथात तो तक्रार करतो की या लोकांच्या स्त्रिया शिकवितात आणि वाद घालतात, आणि आज एक बिशप असतो तर उद्या दुसरा. तक्रार करण्याच्या नादात प्रतिपक्षाच्या समाजरचनेची जी माहिती त्याने देऊन टाकली, ती आज आपल्याला मोलाची वाटते. हाच टर्टुलियन पुढे ज्या 'नव्या भविष्यवाणी'च्या चळवळीकडे वळला, तिच्या प्रवर्तकांत दोन स्त्रिया होत्या, हाही इतिहास आहे.

सर्वांनी हीच वाट धरली असे मात्र नाही. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने 'ग्नॉस्टिक' हा शब्दच सोडून देण्यास नकार दिला. परिपक्व ख्रिस्ती मनुष्य हाच खरा ग्नॉस्टिक, असे तो म्हणतो. काही माणसे जन्मस्वभावानेच मुक्त असतात, हे मत मात्र तो ठामपणे नाकारतो. व्हॅलेंटिनसच्या परंपरेतील अनेक उतारे त्याने जपून ठेवले आहेत. केवळ न्यायाधीशापुढे तोंडाने दिलेल्या साक्षीपेक्षा जगण्यातून दिलेली साक्ष अधिक व्यापक होय, हे हेराक्लिऑनचे मत आपल्याला क्लेमेंटमुळेच कळते. आपल्या ग्रंथात भारतातील बुद्धानुयायांचा नामोल्लेख करणारा क्लेमेंट तो हाच. ओरिजेननेही हेराक्लिऑनच्या भाष्याचे खंडन करताना त्यातील वाक्ये उद्धृत केली आणि त्यामुळे त्या भाष्याचे अंश वाचले. प्रतिपक्षाचे शब्द नोंदवून मग त्याला उत्तर देणे ही या दोघांची रीत होती.

चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाला आणि वादाचे स्वरूप पालटले. इ. स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने आपल्या वार्षिक पत्रात नव्या करारातील सत्तावीस ग्रंथांची यादी दिली आणि इतर गुप्त ग्रंथांपासून दूर राहण्यास बजावले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी एपिफेनियसने ऐंशी पाखंडांची जंत्री लिहिली. तिचे नाव त्याने 'औषधपेटी' असे ठेवले, कारण त्याच्या लेखी भिन्न मत म्हणजे सर्पदंश. नाग हम्मादीचे हस्तलेख अथनेशियसच्या पत्रानंतर कोणी भिक्षूंनी लपविले असावेत, असा एक तर्क आहे. त्यावर अभ्यासकांत एकमत नाही.

नाग हम्मादीची साक्ष

या हस्तलेखांत बावन्न लेखांचा समावेश आहे. त्यांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर १९७७ साली प्रसिद्ध झाले. इरेनियसच्या साक्षीची तपासणी करण्याची संधी त्यामुळे मिळाली. तपासणीचा निकाल संमिश्र आहे.

एकीकडे, तो पुष्कळ ठिकाणी विश्वासार्ह ठरला. त्याने एका संप्रदायाच्या सृष्ट्युत्पत्तीचा जो सारांश दिला आहे, तो 'योहानाचे गुप्त पुस्तक' या लेखाशी मोठ्या प्रमाणात जुळतो. क्रूसावर दुसऱ्यालाच चढविले आणि ख्रिस्त वरून हसत होता, असे सांगणारा लेखही नाग हम्मादीत आहे. इरेनियसने उल्लेखिलेले 'यहूदाचे शुभवर्तमान' निराळ्या हस्तलेखातून २००६ साली प्रकाशात आले.

दुसरीकडे, त्याने आणि इतरांनी केलेले काही आरोप टिकत नाहीत. आपण ज्ञानी आहोत या समजुतीने ग्नॉस्टिक लोक स्वैराचार करतात, असे इरेनियस लिहितो; नाग हम्मादीच्या लेखांचा कल मात्र विरक्तीकडे आहे. व्हॅलेंटिनसच्या अनुयायांजवळ 'सत्याचे शुभवर्तमान' नावाचा ग्रंथ असून तो प्रेषितांच्या शुभवर्तमानांशी कोठेही जुळत नाही, असेही त्याने म्हटले आहे. पहिल्या हस्तलेखात याच शब्दांनी सुरू होणारा लेख सापडला. तो तोच ग्रंथ असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात. त्यात येशू झाडाला खिळला जातो, तो सोसतो, आणि त्याचे मरण इतरांना जीवन देते. अज्ञानाला तेथे दाट धुक्याची उपमा आहे. जागे झालेल्या माणसाने काय करावे हेही तेथे सांगितले आहे : अडखळणाऱ्याला आधार द्यावा, आजाऱ्याला हात द्यावा, भुकेल्याला अन्न द्यावे. इग्नेशियसने ज्या भुकेल्याची आठवण करून देऊन भासवाद्यांना दोष दिला होता, तोच भुकेला येथे भेटतो. इग्नेशियसचे प्रतिपक्षी आणि या लेखाचा कर्ता एकच नव्हेत, हे खरे. पण सर्व ग्नॉस्टिकांना दुःखाची पर्वा नव्हती, असा जो समज पुढे शतकानुशतके चालला, तो या एका लेखाने खोटा ठरतो.

उपसंहार

या वादातून आम्हाला जे दिसते ते असे. येशूचे दुःख खरे होते आणि सत्य सर्वांसाठी उघडे असले पाहिजे, हे आद्य ख्रिस्ती आचार्यांचे दोन्ही मुद्दे सबळ होते. माणसांना जन्मस्वभावाने वरच्या आणि खालच्या प्रकारांत विभागणारे आणि खालच्यांना पूर्ण ज्ञानापासून वगळणारे कोणतेही मत, ते कितीही काव्यमय असो, आक्षेपार्हच आहे. इरेनियसने लिआँच्या साध्या, अक्षरशून्य माणसांची बाजू घेतली, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे.

परंतु उघडपणाचे तत्त्व एकदा मांडले की ते प्रतिपक्षालाही लागू करावे लागते. प्रतिपक्षाचे पुस्तक नाहीसे झाले म्हणजे सर्वसामान्य वाचकाला दोन्ही बाजू पाहून निर्णय करण्याचा मार्गच उरत नाही; मग खंडन कितीही समर्थ असो, ते पारखणार कशावर? जे सत्य उघड परीक्षेला उभे राहते असे इरेनियस अभिमानाने म्हणत होता, त्या सत्याच्या नावाने पुढच्या पिढ्यांनी परीक्षेची साधनेच वाचकाच्या हातून काढून घेतली. ती साधने १९४५ साली पुन्हा मिळाली. तेव्हा कोठे इरेनियस कोठे बरोबर होता आणि कोठे चुकला, हे सांगता येऊ लागले. त्याच्या सबळ मुद्द्यांना या शोधाने काही बाधा आली नाही, हेही तितकेच खरे. ते दोन्ही बाजू वाचूनही टिकतात, आणि म्हणूनच आज ते अधिक भरवशाने मान्य करता येतात.